लिस्बनचा किल्ला आणि सोबत वसईची आई

गुरुवार

भाऊ जर्मनीत असतो, त्याच्याकडून परतताना यंदा ऑक्टोबरमध्ये लिस्बन करायचं असं मी आणि आईने ठरवलं, म्हणजे खरं तर आईनेच ठरवलं. आम्ही वसईचे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई ज्यांना देऊन टाकली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ज्यांच्याकडून ती घेतली ते पोर्तुगीज लोक स्वतःच्या गावात कसे राहायचे, कसं बांधायचे, हे आईला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. वसईच्या किल्ल्यातला दगड न् दगड तिला माहितीये, शाळेत असताना सगळ्या मैत्रिणी डबे घेऊन तिकडे जायच्या. त्यामुळे ट्रिपचा मुख्य दिवस कुठला हे आधीच नक्की होतं, साओ जॉर्जचा किल्ला, म्हणजे लिस्बनच्या बरोबर मधल्या टेकडीवरचा.

हॉटेल मार्तिम मोनिश चौकाजवळ घेतलं होतं, किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी. ह्या नावामागे एक दंतकथा आहे. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक लिस्बनला वेढा घालून बसला होता, किल्ला तेव्हा मुसलमान मूर लोकांकडे. पवित्र भूमीकडे, म्हणजे जेरुसलेमच्या बाजूला धर्मयुद्धाला निघालेले इंग्रज, फ्लेमिश, जर्मन क्रुसेडर वाटेत त्याला येऊन मिळाले, आणि वेढा जुलै ते ऑक्टोबर असा जवळजवळ चार महिने चालला. तेव्हा एक दरवाजा बंद होताना दिसला म्हणून मार्तिम मोनिश नावाचा सरदार स्वतःच फटीत आडवा पडला, तो चिरडला गेला पण दार उघडं राहिलं आणि बाकीचे आत घुसले, असं सांगतात. आई लगेच म्हणाली, "आपल्याकडे प्रत्येक किल्ल्याला असा एक माणूस असतोच." 

संध्याकाळी नुसते आसपास फिरलो. ह्या मुरारिया भागात आता बांगलादेशी, नेपाळी, गुजराती, पंजाबी अशी दुकानं भरपूर आहेत, कोथिंबीर, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं. मान वर केली की दिव्यांमध्ये पिवळसर दिसणारी तटबंदी. आईचे गुडघे दुखत होते म्हणून लवकर जेवून झोपलो.

शुक्रवार

लिस्बन चढउतारांचं शहर आहे आणि रस्ते छोट्या छोट्या चुनखडीच्या दगडांचे, पायांनी घासून इतके गुळगुळीत झालेले की पावसात सरळ घसरायला होतं, त्यामुळे चांगली पकड असलेले बूट हवेतच. पिवळी अठ्ठावीस नंबरची ट्राम सगळ्यांना माहीत असते, पण तिला मोठी रांग आणि आत चेंगराचेंगरी, शिवाय पाकीटमार. वयस्कर माणूस सोबत असेल तर मी सांगेन ते करा. खालच्या बाइशा भागात रुआ दुश फान्केरुश नावाचा रस्ता आहे, तिथे एका साध्या इमारतीत किल्ल्याकडे जाणारी फुकट लिफ्ट आहे. बाहेर पडलं की वरचा रस्ता, थोडं चालून दुसरी लिफ्ट, ही जुन्या मंडईच्या इमारतीत आहे जिथे आता पार्किंग आणि सुपरमार्केट आहे. दोन लिफ्टमध्ये निम्म्याहून जास्त चढ संपतो. अगदीच चालवत नसेल तर ७३७ नंबरची छोटी बस थेट किल्ल्याच्या दाराशी जाते.

आम्ही मुद्दाम दुपारी उशिरा गेलो. मार्च ते ऑक्टोबर किल्ला रात्री नऊपर्यंत उघडा असतो, त्यामुळे ऊन, संध्याकाळ आणि दिवे लागलेलं शहर असं तिन्ही एकाच तिकिटात बघता येतं. तिकीट स्वस्त नाहीये पण लिस्बनच्या रहिवाशांना प्रवेश मोफत आहे, आणि हे मला फार आवडलं, कारण किल्ला त्यांचा आहे.

आत शिरलं की आधी मोठी गच्ची लागते, जुन्या तोफा, पाइनची झाडं, मधे अफोन्सो हेन्रिकचा पुतळा, आणि भिंतीपाशी गेलं की एकदम सगळं शहर. मी फोटो बघून गेले होते तरी थांबलेच. समोर तेजो नदी, नदी कसली, खाडीच म्हणायची इतकी रुंद. उजवीकडे लांब तो लाल झुलता पूल, १९६६ चा, तेव्हा त्याला सालाझार ह्या हुकूमशहाचं नाव होतं आणि १९७४ च्या क्रांतीनंतर २५ एप्रिल पूल झालं. पलीकडच्या काठावर हात पसरलेला ख्रिस्त. खाली लाल कौलांची छपरं, सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट, आणि समोरच्या टेकडीवर छप्पर नसलेल्या कमानी, ते कार्मोचं चर्च.

पण थोडा वेळ नुसतं बघत राहिलं की कळतं, ही दोन वेगवेगळी शहरं आहेत. डावीकडे आपल्या टेकडीच्या उतारावर अल्फामा, गल्ल्या कुठून निघतात कुठे जातात पत्ता लागत नाही, घरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. आणि उजवीकडे खाली बाइशा, तिथे पट्टी लावून आखल्यासारखे सरळ रस्ते, सगळ्या इमारती सारख्या उंचीच्या, आणि शेवटी नदीवर उघडणारा भला मोठा चौक. ह्या दोघांच्या मधे १७५५ चा भूकंप आहे. १ नोव्हेंबर, सगळ्या संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चमध्ये माणसं भरलेली आणि सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या. आधी जमीन हलली, मग आग लागली, आणि जी माणसं मोकळी जागा म्हणून नदीकाठी पळाली त्यांच्यावर त्सुनामीची लाट आली. आग कित्येक दिवस जळत होती. हजारो माणसं गेली, राजवाडा गेला, ग्रंथालयं गेली. सखल बाइशा पार संपलं, अल्फामा टेकडीच्या खडकावर उभं म्हणून बरंचसं वाचलं. हे सगळं पुस्तकात वाचून मला इतकं समजलं नव्हतं जितकं त्या भिंतीशी उभं राहून पाच मिनिटांत समजलं.

मग आतला बालेकिल्ला, अकरा बुरूज, तटावरून गोल फिरता येतं, उत्तरेच्या बाजूला चोरदरवाजा. पायऱ्या अरुंद आणि कठड्याशिवाय, आई निम्म्या तटावर आली आणि एका बुरुजाच्या सावलीत बसली. भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "अगं हे इतकं नीट कसं? एवढा भूकंप झाला ना?"

बरोबर पकडलं तिने. आपण आज बघतो तो किल्ला बऱ्याच अंशी १९३८ ते १९४० मध्ये दुरुस्त करून, पुन्हा बांधून काढलेला आहे. मूळ तटबंदी मूर लोकांनी ११ व्या शतकाच्या मध्याला बांधली, मग राजांचा वाडा इथेच होता, साधारण १६ व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे वास्को द गामा आपल्याकडे आला तेव्हा त्याच्या राजाचं घर हेच. नंतर राजे खाली नदीकाठी राहायला गेले आणि इथे लष्कर, भूकंपाने मोडतोड झाली, वर बराकी उभ्या राहिल्या, जुने बुरूज त्यात झाकूनच गेले. १९४० मध्ये सालाझारच्या सरकारला राष्ट्राचे मोठे वर्धापन साजरे करायचे होते, ११४० ला राज्याची स्थापना आणि १६४० ला स्पेनपासून पुन्हा स्वातंत्र्य अशी दोन, त्यासाठी बराकी पाडल्या आणि मध्ययुगीन किल्ला कसा दिसायला हवा तसा उभा केला.

हे ऐकून आईचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, कारण आपण ज्या दगडाला हात लावतोय तो त्या वेढ्यातला आहे असं मनात धरलेलं असतं. दर्शनी भागात कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं की हा भाग जुना आणि हा १९४० चा, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याच किल्ल्यात मागच्या बाजूला एक जागा आहे जिथे गर्दी फारशी जात नाही आणि मला वाटतं तीच सगळ्यात भारी आहे. तिथे उत्खनन झालंय. सगळ्यात खाली लोहयुगातल्या वस्तीचे अवशेष, म्हणजे इसवी सनापूर्वी ७ व्या शतकापासूनचे, त्यावर मूर काळातल्या दोन घरांचे पाये, आणि त्यावर नंतरच्या एका सरदाराच्या वाड्याची फरशी. कारिल्यो दा ग्रासा नावाच्या आर्किटेक्टने ही जागा २०१० मध्ये पूर्ण केली. त्याने मूर घरांच्या पायांवर पांढऱ्याशुभ्र पातळ भिंती उभ्या केल्यात पण त्या जुन्या दगडांवर टेकलेल्या नाहीत, मोजक्या सहा ठिकाणी जमिनीला शिवतात आणि बाकी अधांतरी. आत गेलं की खोल्या कळतात, मधलं अंगण कळतं, आणि नवं काय, जुनं काय ह्यात एका सेकंदाचाही गोंधळ होत नाही. आई तिथे बराच वेळ अंगणाच्या कडेला उभी होती. "चौकातून उजेड, आणि चारी बाजूंनी खोल्या, आपल्या जुन्या वाड्यांसारखंच की," म्हणाली.

नंतर युलिसिसच्या बुरुजात कॅमेरा ऑब्स्क्युरा बघितला. अंधाऱ्या खोलीत वरच्या आरशातून आणि भिंगातून शहराचं चित्र मधल्या मोठ्या पांढऱ्या तबकावर पडतं, चालती माणसं, गाड्या, नदीतली बोट, सगळं त्याच क्षणाचं. ऊन असेल तरच चालतं, त्यामुळे आत शिरल्या शिरल्या वेळ विचारून घ्या. ह्याच बुरुजाला आधी तोरे दो तोंबो म्हणायचे आणि राज्याचं दफ्तर, करार, जमिनीच्या नोंदी, भारतातून आलेले कागद, हे शतकानुशतकं इथे ठेवलेलं असायचं. १७५५ मध्ये दफ्तराचा बुरूज कोसळला. तेव्हा दफ्तराचा प्रमुख होता मानुएल दा माया नावाचा लष्करी इंजिनिअर, वय जवळजवळ ऐंशी, आणि त्या माणसाने ढिगाऱ्यातून कागद बाहेर काढवले आणि वाचवले. मला ह्या माणसाबद्दल इतका आदर वाटला की नंतरचे सगळे दिवस मी त्याचंच नाव शोधत होते.

सूर्य पुलाच्या बाजूला खाली गेला तेव्हा गच्चीवर एवढी माणसं होती तरी भिंतीशी जागा मिळाली. मोर झाडांवर चढून जोरजोरात ओरडत होते. हो, मोर आहेत किल्ल्यात, भरपूर, आणि ते थेट तुमच्या टेबलापाशी येतात.

शनिवार

आज वरून बघितलेलं शहर खालून. बाइशाचे ते सरळ रस्ते. भूकंपानंतर पंतप्रधान पोंबालने पुनर्बांधणी हातात घेतली, पण काय काय करता येईल ह्याचे पर्याय लिहून दिले ते कालच्याच मानुएल दा मायाने. शहर होतं तसंच पुन्हा बांधायचं, की रस्ते रुंद करून, की सगळं पाडून नव्याने आखायचं, की हे सोडून पश्चिमेला बेलेमच्या बाजूला दुसरंच शहर वसवायचं. शेवटी नव्याने आखायचं ठरलं. प्रत्येक इमारतीच्या भिंतीत लाकडाचा आडवा-उभा-तिरपा सांगाडा, पिंजऱ्यासारखा, म्हणजे जमीन हलली तर दगड पडतील पण घर उभं राहील. नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि तो टिकतो का ते बघितलं असं सांगतात.

रोसियो चौकाला लागून साओ दोमिंगोस चर्च आहे, बाहेरून काही विशेष नाही, पटकन पुढे निघून जायला होतं, पण आत जाच. १९५९ मध्ये आत भयंकर आग लागली. चर्च परत उघडलं १९९४ मध्ये, छत नवीन घातलं, पण खांब तसेच ठेवलेत, तडकलेले, आगीने कपचे उडालेले, काळवंडलेले, आणि त्यातच रोज प्रार्थना चालते. बाहेर चौकात १५०६ मध्ये इथे ज्यूंची जी कत्तल झाली तिचं स्मारक आहे. आम्ही दोघी आतल्या बाकावर बसलो, आई म्हणाली, "हे रंगवलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं बघ."

तिथून कार्मो. १३८९ मध्ये सुरू झालेला मठ, भूकंपात चर्चचं छप्पर आत कोसळलं. पुढच्याच वर्षी दुरुस्ती सुरू केली, चालली कित्येक वर्षं, मग १८३४ मध्ये देशातले सगळे मठच बंद केले आणि काम तिथेच थांबलं. नंतर लोकांनी ठरवलं की छप्पर घालायचंच नाही. दगडी कमानी उभ्या आहेत, त्यांच्यामधून आभाळ, आणि मागच्या शाबूत भागात १८६४ पासून पुरातत्त्व संग्रहालय. हे ओसाड नाहीये हं. प्रत्येक कमान तपासलेली, गवत कापलेलं, सांधे भरलेले, एक दगड खाली पडणार नाही ह्याची काळजी घेतलेली, फक्त जे पडलं ते पडलं आहे असं दिसू दिलंय.

आणि इथे मला एकदम आमचा वसई किल्ला आठवून गलबलून आलं. आतल्या चर्चना छप्पर नाही, फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरांचे थडग्यांचे दगड आहेत ज्यांच्यावरून माणसं चालतात, कमानींमधून वड-पिंपळ उगवलेत, आणि लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी येतात. इतकं सुंदर आहे ते सगळं. आपल्याकडे गडकिल्ल्यांवर बोलणं निघालं की दोनच टोकं असतात, एक तर पडू दे नाहीतर पहिल्यासारखं नवं करा. जुलै २०२५ मध्ये आपले १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, फार आनंद झाला, आता पैसा येईल, लोक येतील, आणि मला भीती त्याचीच वाटते की हौसेने चकचकीत चिरेबंदी बुरूज आणि पेव्हर ब्लॉक येतील. मला कार्मो हवंय. पडझड थांबवा, झाडं मुळासकट काढा, चुन्यात सांधे भरा, पण दगडाचं वय झाकू नका. आईचं मत थोडं वेगळं, ती म्हणाली एखादा दरवाजा, एखादा बुरूज पूर्ण करायला हवा, लहान पोरांना नुसते पाये बघून किल्ला कसा कळणार. मग मी तिला कालच्या पांढऱ्या भिंतींची आठवण करून दिली, ती म्हणाली हां, तसं चालेल. चौकातल्या बाकावर भाजलेले चेस्टनट खात आमचं हे तासभर चाललं होतं.

हा कार्मोचा चौकही महत्त्वाचा. २५ एप्रिल १९७४ ला इथल्याच पोलीस दलाच्या मुख्यालयात हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान सैनिकांनी घेरला आणि त्याने सत्ता सोडली, बाहेर चौकात माणसंच माणसं. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता पण पोर्तुगालने ते मान्य केलं ते ह्या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीस.

रविवार

बेलेम. थोडक्यात सांगते कारण ह्यावर सगळेच लिहितात. जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, आई पुढे गेली, बघितली आणि काही न बोलता बाहेर आली. दगडी कोरीव काम मात्र डोळे दिपवणारं, दोरखंड, समुद्री वनस्पती, सगळं दगडात, आणि हे भूकंपातून बहुतेक वाचलेलं म्हणजे इथे मूळचंच बघायला मिळतं.

बेलेमच्या बुरुजाला बाहेरून एक चक्कर मारली, गेंडा शोधायला. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोचला, युरोपात कित्येक शतकांत कोणी जिवंत गेंडा बघितला नव्हता. राजाने त्याला हत्तीसमोर उभा केला तर हत्तीच पळून गेला. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि तो बिचारा साखळीने बांधलेला, बुडून मेला. त्याचं डोकं ह्या बुरुजाच्या एका कोपऱ्यातल्या पहाऱ्याच्या छोट्या बुरुजीखाली कोरलंय, आता झिजून गेलंय पण नीट बघितलं की ओळखू येतं. दुपारी ती प्रसिद्ध कस्टर्डची गरम पेस्ट्री, वर दालचिनी भुरभुरवून. आईने तीन खाल्ल्या.

सोमवार

विमान रात्रीचं होतं. सकाळी मेट्रोने युनिव्हर्सिटीच्या स्टेशनला उतरून तोरे दो तोंबो बघायला गेलो, म्हणजे मानुएल दा मायाने वाचवलेलं ते दफ्तर आता जिथे आहे ती इमारत. किल्ल्यातून एका मठात आणि तिथून १९९० मध्ये इकडे. मोठी, जाडजूड, किल्ल्यासारखीच. गोव्याहून पावसाळी वाऱ्यांच्या हिशोबाने जहाजं निघायची आणि त्या पत्रव्यवहाराचे जे खंड बांधले त्यांना मान्सूनची पुस्तकं म्हणतात, त्यातले साठहून जास्त इथे आहेत. आमच्या किनाऱ्यावरच्या किती लढायांच्या बातम्या त्यात असतील! दफ्तराचा बराच भाग स्कॅन करून फुकट ऑनलाइन ठेवलाय, वसईत बसून उघडता येतो, जुनी पोर्तुगीज लिपी वाचणारं माणूस मात्र हवं.

दुपारी सेन्योरा दो मोन्ते ह्या टेकडीवर गेलो, किल्ल्याच्या उत्तरेला, त्याच्याहून उंच. इथून किल्ला समोर दिसतो आणि त्याच्यामागे शहर आणि नदी, म्हणजे किल्ल्यावर असताना जो दिसत नाही तो खुद्द किल्लाच. कोणी जाणार असेल तर हे करा: आधी इथे या म्हणजे किल्ल्याची जागा का निवडली ते कळेल, मग चारच्या सुमाराला किल्ल्यावर जा आणि दिवे लागल्यावरच खाली उतरा. कार्मोचं संग्रहालय रविवारी बंद असतं आणि जेरोनिमोस सोमवारी, त्याप्रमाणे दिवस लावा. पाण्याची बाटली सोबत ठेवा, तटावर सावली नाही. आणि आई किंवा बाबा सोबत असतील तर तो उत्खननाचा भाग आधी दाखवा, दमायच्या आधी, कारण सगळे आधी बुरुजांवर चढतात आणि मग तिकडे जायला पाय उरत नाहीत.